अण्णांच्या भिंतीतले चार बोल्ट

"टीव्ही भिंतीवर लावायचा," असं आदगोंडांनी देवळातून आल्या आल्या जाहीर केलं, तेव्हा गुणमाला जपाची माळ ओढत होती. माळ ओढताना बोलायचं नाही आणि खाताना बोलायचं नाही, हे तिचे दोन नियम लग्नाच्या आधीपासूनचे. त्यामुळे आदगोंडांना उत्तरासाठी माळ संपेपर्यंत थांबावं लागलं. तेवढ्या वेळात त्यांनी पुढचं सगळं ठरवून टाकलं.

"उद्या इस्लामपूरचे पाहुणे येणार. दारातनं आत आलं की समोर कलर टीव्ही दिसला पायजे. पुण्याच्या हॉटेलात असतोय तसा, वर भिंतीला."

माळ डोळ्यांना लावून गुणमालाने ती डबीत ठेवली. "पाहुणे दीपालीला बघायला येणार हाईत न्हवं?"

"दीपालीला बघून झालं की बोलत बसतात. बोलत बसले की विचारतात. थोरले भाऊ कुठं हाईत म्हणून विचारतील. टीव्ही चालू असला की कोण काय विचारत न्हाई."

खरी गोष्ट ही होती. थोरले भाऊ, म्हणजे अण्णा, कुठे लांब गेलेले नव्हते. सांगलीच्या गावभागातल्या त्या घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध एक पातळ भिंत उभी राहिली. अलीकडे गुळाचे व्यापारी आदगोंडा, पलीकडे साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले अण्णा. वाटणी अगदी प्रेमाने झाली होती. बिनसलं ते नंतर. अण्णांनी कॅलेंडर लावायला पलीकडून एक खिळा ठोकला आणि अलीकडे जेवायला बसलेल्या आदगोंडांच्या आमटीत गिलाव्याचा तुकडा पडला. "सामायिक भिंतीला विचारल्याशिवाय हात लावायचा न्हाई," असं आदगोंडा तेव्हा म्हणाले. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. पडलेला गिलावा दिसू नये, आणि अण्णांचा खोकला ऐकू येऊ नये, म्हणून आदगोंडांनी त्या भिंतीला खालपासून वरपर्यंत लाकडी पॅनेलिंग करून घेतलं. गिलावा दिसेनासा झाला. खोकला येतच राहिला.

अण्णांची पत्नी वारल्यापासून गुणमाला रोज मागच्या दाराने एक डबा पलीकडे पाठवत असे. आदगोंडांना ते माहीत होतं, पण माहीत नाही असं ते दाखवत. गुणमालाने त्याच सुमाराला गूळ सोडला होता. गुळाच्या व्यापाऱ्याच्या बायकोने गूळ सोडावा याचं बाजारात नवल झालं, पण नियम कशासाठी घेतला हे विचारायचं नसतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

दहा वाजता धुळा आला. सुतारकाम, वेल्डिंग, पंखे टांगणं, दुकानाच्या पाट्या चढवणं अशी सगळी कामं तो करी आणि कुठल्याही कामाला "लय सोपं हाय" म्हणूनच हात घाली. टीव्हीचा खोका, लोखंडी स्टँड आणि भिंत या तिघांकडे त्याने एकेकदा पाहिलं.

"लय सोपं हाय," तो म्हणाला आणि पॅनेलिंगवर बोटाने टकटक केली. "ह्या फळीमागं काय हाय मालक?"

"भिंत."

"भिंतीमागं?"

"कोण न्हाई."

तेवढ्यात भिंतीमागून अण्णा खोकले. खोकला इतका स्वच्छ आला की दीपालीने सवयीने पाण्याचा तांब्या उचलला.

धुळाने आदगोंडांकडे पाहिलं. आदगोंडांनी पंख्याकडे पाहिलं.

"कोण न्हाई म्हटल्यावर न्हाई," धुळा म्हणाला आणि कामाला लागला.

स्टँड त्याने स्क्रूने पॅनेलिंगवर बसवला. टीव्ही चढवायच्या आधी वजन टांगून बघूया, ही कल्पना आदगोंडांची. ते व्यापारी होते, पारखल्याशिवाय काही घेत नसत. गोणपाटात गुंडाळलेला गुळाचा एक रवा, म्हणजे अख्खी ढेप, स्टँडवर ठेवला. स्टँड हलला नाही. दुसरा ठेवला.

"बघा," धुळा म्हणाला. "अजून एक ठेवला तरी काय होत न्हाई."

तिसरा ठेवल्यावर प्लायवूडने एक लांब जांभई दिली. मग स्टँड, गूळ आणि पॅनेलिंगचा एक मोठा तुकडा, सगळं मिळून दिवाणावर येऊन बसलं. मोकळ्या झालेल्या जागेतून पडक्या गिलाव्याचा तो जुना डाग बाहेर आला.

दीपालीने तो निरखून पाहिला. "बाबा, आमटीत पडलावता तो ह्यातलाच काय?"

"तू फुलं आणायला जाणार हुतीस न्हवं?" गुणमाला म्हणाली. दीपाली पिशवी घेऊन निघाली. गुणमालाने गोणपाट सोडलं आणि फुटलेला गूळ ताटात गोळा केला. "वाया जात न्हाई. शेंगदाण्याच्या लाडवाला होतोय."

धुळा अजिबात खचला नव्हता. "ही फळी नुसती नटवायला हाय मालक, वजनाला न्हाई. आता बोल्ट आरपार न्यायचे. पलीकडनं लोखंडाची पट्टी लावायची, नट आवळायचे. मग टीव्ही टांगा न्हाईतर म्हस टांगा." त्याने पिशवीत हात घालून चार लांबलचक बोल्ट काढले.

"पलीकडनं?" आदगोंडा म्हणाले.

"आरपार म्हटल्यावर पलीकडनंच की."

आदगोंडांनी बाकीच्या भिंती पाहिल्या. एकीला खिडकी होती, एकीला दार. तिसरीवर देव्हारा आणि मुनिमहाराजांचे फोटो होते.

"देवाच्या भिंतीवर नको," गुणमाला हळूच म्हणाली.

"तिथं कोण लावतंय?" आदगोंडा म्हणाले. मग धुळाच्या कानाशी जाऊन, "हितंच लाव. पण आरपार नको. निम्म्यात थांब."

धुळाने मान डोलावली आणि ड्रिल लावलं. निम्मी भिंत कुठे संपते हे भिंतीवर लिहिलेलं नसतं. ड्रिल एकदम मऊ लागलं आणि मुठीपर्यंत आत गेलं. धुळाने ते बाहेर काढलं तसा भोकातून पलीकडचा उजेड आला. त्यामागून आवाज आला.

"कोण हाय?"

आदगोंडांनी खूण केली. धुळाने भोकाशी तोंड नेलं. "मी धुळा, अण्णा."

"धुळा, माझ्या आमटीत वाळू पडली."

गुणमालाने पदर तोंडाला लावला. आमटी तिनेच थोड्या वेळापूर्वी पाठवली होती.

"सामायिक भिंतीला विचारल्याशिवाय हात लावायचा न्हाई, असं एक माणूस मला म्हणालावता," अण्णांचा आवाज शांत होता. "त्याला विचार, आठवतंय काय."

धुळा वळला. "मालक, अण्णा विचारत्यात की..."

"ऐकलं मी. त्यास्नी सांग, खिळा येगळा आणि बोल्ट येगळा."

धुळा पुन्हा भोकाकडे वळला. "अण्णा, मालक म्हणत्यात..."

"ऐकलं मी," भोक म्हणालं. "खिळ्यानं नुसता गिलावा पडलावता. ह्यानं माझं कॅलेंडर फाटलं."

"मग मी मधी कशाला हाय?" धुळा म्हणाला.

"आणि हे पण सांग," भोकातून आलं. "भोकं पाडलीच हाईत तर पाडा. पण नट माझ्या घरात लागणार. माझ्या घरातला नट मीच आवळणार, दुसऱ्याचा हात नको. आणि आवळा म्हणून ज्याचा टीव्ही त्यानं स्वतः सांगायचं."

आदगोंडा खुर्चीत जाऊन बसले. समोर खोक्यात टीव्ही होता. भिंतीला फाटलेलं प्लायवूड, त्यात पडका गिलावा, गिलाव्यात भोक आणि भोकात अण्णा.

"राहू दे म्हणतो," ते म्हणाले. "खोका पलंगाखाली ठेवू."

"बरं," गुणमाला म्हणाली. ती दाणे भाजत होती. "मग पाहुणे काय, भोकच बघत बसतील. भोक दिसलं की विचारायचेच, पलीकडं कोण राहतंय म्हणून."

आदगोंडा उठले.

उरलेली भोकं पडली. पट्टी, नट आणि एक पाना धुळा मागच्या दाराने पलीकडे देऊन आला. धुळाने दोन्ही हातांनी स्टँड भिंतीला दाबून धरला. बोल्ट घातले. आता कुणीतरी अलीकडून बोल्टचं डोकं पान्याने धरायला हवं होतं, म्हणजे पलीकडून नट फिरला असता. दीपाली फुलं आणायला गेली होती. गुणमालाचे हात गुळात होते. पाना आदगोंडांच्या हातात आला.

"आवळा म्हणावं," ते धुळाला म्हणाले.

पलीकडचा नट हलला नाही.

"मालक, माझे हात भरून आले," धुळा म्हणाला. "स्टँड सोडू काय?"

आदगोंडांनी घसा साफ केला. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. मग बोल्टच्या डोक्याकडे बघत ते म्हणाले, "अण्णा, आवळा."

पलीकडे नट फिरला.

"बसला?" भिंतीतून आलं.

"अजून वाईच."

"आता?"

"आता बसला."

"बसला कसला? पाना नीट धर की. लहानपणापासनं तुझी पकड ढिली. पतंगाचा दोरा पण असाच सोडायचास."

"दोरा तुमी ओढायचा," आदगोंडा म्हणाले.

"बोल्ट फिरतोय बघ. पतंगाचं मागनं काढ."

चौथा नट आवळून होईपर्यंत दोघांनी लहानपणचे तीन पतंग आणि कृष्णेत वाहून गेलेली एक चप्पल उकरून काढली होती. मग टीव्ही चढला. धुळा स्टँडला लोंबकळून म्हणाला, "बघा, लय सोपं हुतं," आणि गेला. आदगोंडांनी टीव्हीभोवतीच्या फाटक्या पॅनेलिंगवर नवा पडदा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगितलं, "काम हुतं म्हणून बोललो. भलती समजूत करून घेऊ नगंस."

"न्हाई," गुणमाला म्हणाली आणि लाडू वळत राहिली. एकही तिने चाखला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. मुलाचे वडील नानासो, त्यांच्या पत्नी आणि मुलगा. दीपालीने पोहे आणले, प्रश्नांची उत्तरं दिली, नमस्कार करून आत गेली. आदगोंडांनी लगेच टीव्ही लावला. क्रिकेट चालू होतं. नानासो टीव्हीकडे बघत पोहे खाऊ लागले. त्यांचा घास अधूनमधून चुकून मिशीला लागत होता. आदगोंडांनी गुणमालाकडे पाहून भुवया उडवल्या. योजना पक्की बसली होती.

आणि वीज गेली.

पंखा थांबला, टीव्ही काळा झाला. नानासोंनी ताटली खाली ठेवली, मिशी पुसली आणि ते आदगोंडांकडे वळले. "बरं, तुमचे थोरले बंधू कुठं असतात म्हणाला?"

"थोरले... ते काय हाय, ते जरा..."

"जरा काय?" बंद टीव्ही म्हणाला. "हितंच हाय की. सदरा घालतोय."

नानासोंच्या पत्नीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मुलगा टीव्हीच्या प्लगकडे बघू लागला. नानासो बघत होते आदगोंडांकडे. आदगोंडा भिंतीकडे बघत होते, आणि भिंतीला त्या चार भोकांतून अजून सगळं ऐकू जातंय हे त्यांना आता पुरतं समजलं होतं.

थोड्याच वेळात अण्णा पुढच्या दारातून आत आले. डोक्याला पांढरी टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात पाना.

"जय जिनेंद्र," ते म्हणाले. "नट बघायला आलो. नवीन आवळलेले असले की दुसऱ्या दिवशी एकदा बघावं लागतंय."

आदगोंडा उठून उभे राहिले. खोलीत हाताची खुर्ची एकच होती, त्यांची. ती त्यांनी पुढे सरकवली. "बसा अण्णा."

अण्णा बसले. पाना मांडीवर ठेवला. "पोरीला ह्या हातांवर खेळवलीया," ते नानासोंना म्हणाले. "विचारा काय विचारायचं ते."

"थोरले आलेत म्हटल्यावर आता मोकळेपणानं बोलू," नानासो म्हणाले. बोलणं ऊस, पाऊस, मुलाची नोकरी असं फिरत फिरत सुपारी फोडण्यापर्यंत आलं. मध्येच वीज परत आली आणि टीव्ही ओरडायला लागला.

"बंद कर रं ते," अण्णा म्हणाले. "माणसं बोलत्यात हितं."

आदगोंडांनी उठून टीव्ही बंद केला.

पाहुणे जेवले आणि सूर्य मावळायच्या आत सुपारीचा दिवस ठरवून निघाले. अण्णा खुर्चीतून उठले नव्हते. आदगोंडा शेजारी दिवाणावर बसले होते. दोघांच्या मध्ये लाडवांचं ताट होतं, आणि दोघे ती चप्पल नक्की कुणाची होती यावर वाद घालत लाडू खात होते. गुणमाला आली. दोघांकडे तिने एकदा नीट पाहिलं आणि ताटातला एक लाडू उचलला.

"अगं, गुळाचे हाईत," आदगोंडा म्हणाले. "तू गूळ सोडलावतास न्हवं?"

"तुमी दोघं एका घरात बसून खाईपर्यंत सोडलावता," ती म्हणाली आणि लाडू तोंडात घातला.

आदगोंडा काही बोलणार, एवढ्यात धुळा दारात आला. काल पलीकडे दिलेला पाना त्याला न्यायचा होता. त्याला बघून आदगोंडांना काहीतरी आठवलं.

"काय रं धुळा, एवढे लांब बोल्ट कालच तुझ्या पिशवीत कसे हुते? तुला तर फळीला नुसते स्क्रू मारायचे हुते."

"वैनींनी निरोप धाडलावता की," धुळा म्हणाला. "फळी टिकायची न्हाई, भिंत पातळ हाय, पलीकडं पोचतील असे घेऊन या म्हणून."

आदगोंडा सावकाश गुणमालाकडे वळले. अण्णाही वळले.

गुणमालाच्या तोंडात लाडू होता. तिने दोघांकडे शांतपणे पाहिलं, घास गिळला आणि दुसरा लाडू तोंडात घातला.