नायक काय म्हणतो

पडद्यावर धुकं होतं, धुक्यात तळं होतं आणि तळ्यातल्या नावाड्याने गेमच्या नायकाला विचारलं, "कोण रे तू? कुठून आलास?" नायक नुसता बघत राहिला. सोफ्यावर बसलेले बाबा पुढे सरकले. ते डबिंग आर्टिस्ट, आणि या नायकाचा आवाज त्यांचाच. या एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी एकोणीस वेळा रेकॉर्ड केलं होतं आणि ते ऐकवायलाच आज लेकीला मुद्दाम शेजारी बसवलं होतं. चौदा वर्षांची लेक अलीकडे 'हं' आणि 'नको' यांवरच दिवस काढायची. निदान तिच्या खेळात शिरून तरी तिच्याशी बोलता येईल, एवढीच बापाची आशा होती.

टीव्हीचा आवाज गेलाय म्हणावं, तर नावाडी चांगला खणखणीत बोलत होता. बाबांनी गॅलरीत जाऊन स्टुडिओत फोन लावला. तिथल्या बाईंनी अगदी हळुवारपणे सांगितलं, की खेळणाऱ्या लोकांना मुकाच नायक हवाय. बोलला की तो आपला वाटत नाही म्हणे. चार हजार वाक्यं काढून टाकली होती. उरलं होतं थोडं कण्हणं, थोडी धाप आणि एक 'आई गं'.

आता हे लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं? बाबा सोफ्यामागे जाऊन बसले, वायर दाबून धरली की आवाज येतो अशी थाप मारली आणि स्वतःच बोलायला लागले. "दूरच्या डोंगरातून आलोय," ते छातीतून म्हणाले. नायकाला घेऊन नाव संथ चालली होती. बोलता बोलता त्यांना खरंच गालाला ओलं धुकं लागल्यासारखं वाटलं, डोळे मिटले. त्याच तंद्रीत ते "मला कशाचंच भय नाही" म्हणत असताना नायक पाण्यात पडला आणि टीव्हीतून त्यांचाच आवाज ओरडला, "आई गं!" घरात कोण आलंय, असं आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बाबा, बाहेर ये," लेक म्हणाली आणि सरकून तिने जागा करून दिली. "तू बोललास की तो तू होतोस. गप्प असला की त्याचं मी बोलते. मनातल्या मनात."

"मग आज मोठ्याने बोल की."

नावाड्याने नायकाला वर ओढून घेतलं आणि विचारलं, "घरी कुणी वाट बघतंय का तुझी?"

"तो म्हणतो, बाबा आहे ना माझा," लेक पाण्याकडे बघत म्हणाली. " पण तो इतकं छान बोलतो, की माझा नंबरच लागत नाही."

बाबांनी सवयीने छाती भरून श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. त्यांना लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

"मग?" त्यांनी साध्या, जरा घोगऱ्याच आवाजात विचारलं.

नावाडी वल्ही वर धरून उत्तराची वाट बघत थांबला होता. लेक सांगत होती. जेवायची हाक दोनदा येऊन गेली, तरी नाव काठाला लागली नव्हती.