बसायला घरी सोफा आहे

दिगंबर साबळ्यांबरोबर सुट्टीला गेलात, तर सकाळी सातला तुमच्या उशाशी स्टीलचं ताट वाजतं. उलथन्यानं. आरतीला वाजवतात तसं तालात नाही, गावात आग लागल्यावर वाजवतील तसं. पाठोपाठ हाक येते, "उठा, आवरा, निघा. बसायला घरी सोफा आहे!"

राग निवल्यावर मी हे लिहायला बसलोय असं कुणी समजू नये. ते ताट मला अजून झोपेत ऐकू येतं.

साबळे अमेरिकेत, आमच्या रेडमंडच्या ऑफिसात टेस्टर. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं हे त्यांचं काम, आणि शनिवार-रविवारीही ते काम बंद नसतं. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही, अपार्टमेंटमध्ये एकटेच राहतात. उन्हाळा संपताना जो लाँग वीकेंड येतो, त्याला ते दरवर्षी डोंगरापलीकडे नदीकाठी एक केबिन बुक करतात आणि आम्हा दोन कुटुंबांना बरोबर नेतात. एक आम्ही, एक कुलकर्णी. आम्ही सगळे तिला केबिन म्हणतो. साबळे एकटे 'कॉटेज' म्हणतात, आणि तेही देवघर म्हणावं अशा सुरात.

त्या कॉटेजचे नियम ऐका. चपला बाहेर. फोडणी बाहेर, पायऱ्यांखाली, कॅम्पिंगच्या स्टोव्हवर, पाऊस असेल तर छत्री धरून. हळदीचा डबा वर्तमानपत्रावरच उघडायचा. अंघोळ झाली की बाथरूमची फरशी ज्याची त्यानं पुसायची. उठल्याबरोबर चादरींच्या घड्या. कुलकर्णी एकदा म्हणाला, "अहो, इथं साफसफाईला बाई येते ना रोज?" साबळे म्हणाले, "म्हणूनच." याच्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि कुलकर्ण्यानं विचारलं नाही, कारण तोवर ताट वाजायला लागलं होतं.

आणि मग ते आम्हाला बाहेर काढायचे. रोज, पाऊस असो की ऊन. धबधबे पाहून झाले, जर्मनीतलं असल्याचं सोंग घेतलेलं एक गाव पाहून झालं. सफरचंदाच्या बागेत आम्ही इतक्या लवकर पोचलो की फाटकाला कुलूप होतं आणि मालकाच्या कुत्र्यानं आमचं स्वागत केलं. एका तळ्यावर धुक्यामुळे तळंच दिसलं नाही, तरी साबळ्यांच्या हुकमानं आम्ही दुपारपर्यंत तिथं बसलो आणि गाडीची डिकी उघडून तिच्या आडोशाला गारढोण पराठे खाल्ले. माझी मुलगी मिहिका मला म्हणाली, "बाबा, इज धिस अ व्हेकेशन ऑर अ फायर ड्रिल?"

सगळ्यात संतापाची गोष्ट वेगळीच. साबळे स्वतः कधी आमच्याबरोबर निघायचेच नाहीत. रस्त्याचे छापील कागद आमच्या हातात कोंबायचे आणि म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढं, मी कॉटेज बंद करून येतो." मग दीड-दोन तासांनी त्यांची गाडी उगवायची. शर्ट घामेजलेला, पँटचे पाय ओले. काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं, "रस्ता चुकलो." ऑफिसातून घरी जातानाही नकाशा छापून घेणारा हा माणूस दरवर्षी न चुकता रस्ता चुकायचा.

हे सगळं मी हसून सोडत आलो होतो. पण त्या वर्षी माझे वडील, दादा, आले होते.

दादांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो त्या पाठीवरून चढून झालो. हे मी जिथं-तिथं सांगतो आणि सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. दादांचे गुडघे आता पार गेलेत. त्यांना अमेरिका दाखवायची म्हणजे काय, याचा मी पुष्कळ विचार केला होता. उंच इमारती आणि पूल त्यांनी टीव्हीवर पाहिलेत. मला त्यांना फक्त बसवायचं होतं. केबिनच्या पुढच्या डेकवर, म्हणजे छप्पर असलेल्या ओट्यावर, दोन लाकडी खुर्च्या आहेत, रुंद हातांच्या, पाठ मागं कललेली, आणि समोर नदी. कॉम्प्युटरवर मी त्यांना तो फोटो दाखवला.

"एवढ्या रुंद खुर्चीत बसून करतात काय?" दादांनी विचारलं.

"काही नाही, दादा. काहीच करत नाहीत."

"आणि त्यासाठी एवढ्या लांब जातात?" ते हसले. पण फोटो पुन्हा दाखव म्हणाले.

पहिल्या दिवशी ताट वाजलं आणि दादांना आम्ही धबधब्याच्या पायऱ्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी जर्मन गाव. पायांना रग लागली तरी दादा बोलत नाहीत, फक्त खाली वाकून बुटाची लेस सोडतात आणि पुन्हा बांधतात. त्या दिवशी त्यांनी ती सारखी सोडली आणि बांधली. तिसरा दिवस शेवटचा. सकाळपासून पाऊस. ताट वाजलं तेव्हा मी उठून साबळ्यांच्या हातातलं उलथनं धरलं.

"दादा आज कुठं येणार नाहीत. आज ते डेकवर बसतील."

"दहाच्या आत घर रिकामं व्हायला पाहिजे."

"का?"

"व्हायला पाहिजे."

मग माझी जीभ सुटली. मी म्हणालो, "साबळे, मी सांगतो का ते. गोऱ्यांच्या घरात आपण फार दिसायला नको, आपला वास नको, डाग नको. तुम्हाला भीती वाटते. माझ्या बापानं सगळा जन्म लोकांच्या दारात उभं राहून काढलाय. तुमच्या भीतीपायी इथंही त्यांनी उभंच राहायचं?"

साबळ्यांचा चेहरा तव्यासारखा झाला. "उभं राहणं मला शिकवू नका," ते म्हणाले आणि उलथनं माझ्या हातातून सोडवून घेतलं.

मी बॅगा भरायलाच निघालो होतो. तोवर दादा टोपी घालून दारात. "चल रे," म्हणाले. "भांडणापेक्षा गाडी बरी." बापाच्या त्या समजूतदारपणाचाही मला त्या क्षणी राग आला. त्यांच्यासारखी माणसं आयुष्यभर असंच तर करत आली.

माझी बायको अर्चना आणि मिहिका कुलकर्ण्यांच्या गाडीतून पुढं गेल्या. मागून मी आणि दादा. घाट लागता लागता दादा हळूच म्हणाले, "गुडघ्याचा पट्टा मोरीत राहिला वाटतं." मी गाडी वळवली. साबळ्यांना ऐकवायची वाक्यं मी वाटभर जुळवत होतो. चांगली जुळली होती.

केबिनसमोर एक जुनी पिकअप उभी होती. डेकवरच्या एका खुर्चीत कोणी बसलं होतं. निळा अ‍ॅप्रन घातलेली, केस पिकलेली एक बाई. रोज लांबून दिसायची ती साफसफाईवाली. पाय तिनं पुढं सोडले होते, बूट काढून ठेवले होते आणि मांडीवर आमचं ते स्टीलचं ताट होतं, पोह्यांनी भरलेलं. आतून व्हॅक्यूमचा आवाज येत होता. दारातून साबळे दिसत होते. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, घामाघूम, सोफ्याखालून नळी फिरवताहेत आणि त्या आवाजावरून ओरडताहेत, "घ्या अजून, लाजू नका! वर झाकून ठेवलेत!" शुद्ध मराठीत. ती स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणत होती आणि खात होती. त्या दोघांचं संभाषण नीट चाललं होतं.

मला पाहिलं आणि व्हॅक्यूम थांबला.

"हे काय चाललंय, साबळे?" मी म्हणालो. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नळीवरचा धागा काढत ते बोलले. "आई पाचगणीला एका कॉटेजवर कामाला होती. पाहुणे फिरायला बाहेर पडले तरच तिला आत जाता यायचं. काही जण पडायचेच नाहीत. पाऊस आहे म्हणायचे. मग ती बादली घेऊन मागच्या दाराशी उभी. तोच पाऊस तिच्यावर." नळी गुंडाळत म्हणाले, "पुढच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. रोज पुसायची."

बोलता बोलता त्यांची नजर डेकवरच्या खुर्चीकडे गेली.

"मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती?" मी म्हणालो. मनापासून म्हणालो. इतकी वर्षं आम्ही भिजलो, कुत्रं अंगावर घेतलं, दादांचे गुडघे झिजवले, आणि हा माणूस रस्ता चुकत होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळे एक दिवस झाडू घेऊन उभे राहिला असता," साबळे म्हणाले, "आणि त्याचे फोटो काढले असते."

याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण आम्ही ते नक्की केलं असतं.

आमचं हे चालू असताना दादा कठडा धरत पायऱ्या चढून डेकवर गेले होते. त्यांना पाहून ती बाई चटकन उठायला लागली. ताट सावरत, बूट शोधत. दादांनी हात खाली करून तिला बसवलं.

"बसा हो, बाई," ते म्हणाले. "मीसुद्धा या खुर्चीला नवाच आहे."

आणि ते दुसऱ्या खुर्चीत बसले. आधी काठावर. मग पाठ मागं टेकली, दोन्ही हात त्या रुंद हातांवर ठेवले आणि पाय लांब केले. बाईनं ताट त्यांच्याकडे सरकवलं. दादांनी चिमूटभर पोहे घेतले. दोघं नदीकडे बघत खाऊ लागले.

"दिगंबर," दादांनी मान न वळवता हाक मारली. सकाळपर्यंत ते त्यांना 'साबळेसाहेब' म्हणत होते. "ते यंत्र ठेव आणि ये इकडं."

साबळे उंबऱ्यात आले. खुर्च्या दोनच होत्या. तरी मला वाटतं तिसरी असती तरी ते तिच्यात बसले नसते. ते पायरीवर टेकले, अगदी कडेला. पँट अजून दुमडलेलीच, पावसाचे शिंतोडे पायावर येताहेत.

"पाचच मिनिटं हं," ते म्हणाले. "मग निघायचंय."

दादांनी पाय आणखी लांब केले. ताट त्या बाईंच्या मांडीवर होतं, नाहीतर त्यांनी तेही वाजवलं असतं.