सोळावं गाणं

त्या शनिवारी नीटा प्रुएटला अकरा काचेची भांडी परत करायची होती. आई जाऊन सात आठवडे झाले होते. मयताच्या घरी मॅकरोनी नाहीतर बटाटे भाजून नेऊन दिले की आपलं काम संपलं, असं गावातल्या बायका मानत. भांडं परत पोचवणं हे मयताच्या घरच्यांचं काम. विसर पडू नये म्हणून प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत मालकिणीचं नाव.

भांडी पोचवायला डॉयलमामा आपला पिकअप घेऊन आला. डॉयलमामा म्हणजे आईचा, व्हर्नाचा, थोरला भाऊ. चाळीस वर्षं त्याने नॅशव्हिलमध्ये मोठमोठ्या गायिकांच्या मागे बसून स्टील गिटार वाजवली होती, आणि आता त्या सगळ्यांबद्दल वाईट बोलण्यात त्याचं म्हातारपण मजेत चाललं होतं.

"हे बघ खताच्या दुकानात काय मिळालं," त्याने खिशातून एक डबी काढली. "ओपल रे टॅकेट. पन्नास वर्षांतली निवडक चोवीस गाणी. दोन सीड्या."

"तुला तर ती आवडत नाही."

"म्हणूनच घेतली. यातल्या नऊ गाण्यांत मी आहे. म्हटलं बघू तरी, नाव छापलंय का."

"छापलंय?"

"'इतर वादक'!" मामा म्हणाला आणि त्याने रागारागाने गिअर टाकला.

पहिली पंधरा गाणी मामाने ओपल रेला नावं ठेवत ऐकली. इथे नाकात गायली, तिथे ताल सोडला, या गाण्याच्या वेळी माझ्याशी भांडली होती. सोळावं सुरू झालं. 'तुझा कोट खुंटीवर आहे.' दोन ओळी झाल्या आणि मामाने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली.

"ही ओपल रे नाही," तो म्हणाला.

 मांडीवरचं भांडं नीटाने दोन्ही हातांनी धरलं होतं. गाणं संपलं. वाद्यं थांबली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग तोच आवाज, आता गात नसलेला, म्हणाला, "झालं ना? निघते मी. नीटा शाळेच्या पायरीवर बसली असेल."

नीटा खरोखरच पायरीवर बसलेली असायची. बहुतेक दिवशी शेवटची.

झालेला प्रकार मामाला लगेच कळला. नॅशव्हिलमध्ये एखाद्या गीतकाराला आपलं गाणं मोठ्या गायिकेच्या गळी उतरवायचं असलं, की तो आधी तिच्यासारखं गाणाऱ्या एखाद्या बाईकडून नमुन्याची टेप करून घ्यायचा. ओपल रेसारखं गाणारी बाई म्हणजे व्हर्ना. कुणाच्यातरी तळघरात जाऊन ती दुपारी दोन गाणी गायची आणि घरी यायची. टेपेच्या खोक्यावर नाव लिहीत ते मात्र ओपल रेचं, कारण टेप पाठवायची तिला. पाकिटावर ज्याला पाठवायचं त्याचं नाव असतं, तसंच. कंपनीच्या कोठारात ते खोकं पस्तीस वर्षं पडून होतं. आता तिथे जी नवी मंडळी होती, त्यांनी खोक्यावरचं नाव वाचलं, टेप ऐकली, आनंदाने उड्या मारल्या आणि शेवटची वाक्यंसुद्धा तशीच ठेवली. वर पुस्तिकेत छापलं: 'टॅकेटबाईंच्या खाजगी जीवनाची हृद्य झलक.'

"बटाट्याच्या भांड्याला नाव असतं," नीटा म्हणाली, "आणि माझ्या आईच्या आवाजाला नाही?"

नीटा कोर्टाच्या इमारतीत तीन नंबरच्या खिडकीवर बसायची. गाड्यांच्या नंबरप्लेटा द्यायचं काम. अपुरा अर्ज तिच्या खिडकीतून कधी पुढे गेला नव्हता. सोमवारी सकाळी तिने खिडकीला 'पाच मिनिटं' अशी पाटी लावली आणि कंपनीला फोन केला.

"मी केंडल बोलतेय, मॅम. काय मदत करू?"

"तुमच्या ओपल रेच्या सीडीवरचं सोळावं गाणं माझ्या आईचं आहे."

"अरे वा! माझ्याही आईचं तेच आवडतं आहे."

"आवडतं नव्हे. ते तिने गायलंय."

"सोळाव्याची गायिका म्हणजे तुमची आई?"

"तेच सांगतेय मघापासून."

"मग मॅम, त्यांनाच फोन करायला सांगा ना. गायिकेची तक्रार गायिकेनेच करावी लागते."

"ती कशी करेल? ती वारली. मार्चमध्ये."

 मग केंडल हळू आवाजात म्हणाली, "आणि कुणालाच कळलं नाही?"

"कळलं नाही काय? चर्चमध्ये बसायला जागा नव्हती."

"आणि आपण?"

"मी नीटा. तिची मुलगी."

"नीटा... म्हणजे शेवटी त्या पायरीवर बसलेली...?"

"हो! तीच मी!" अखेर एका माणसाला तरी समजलं, या विचाराने नीटाला इतकं हलकं वाटलं की तिने आपलं पूर्ण नाव, गाव आणि खिडकीचा नंबरही सांगितला. केंडलचा आवाज खरंच भरून आला होता. कंपनी आपल्या दुःखात सहभागी आहे, असं तिने दोनदा सांगितलं.

दुपारी चार वाजता रेडिओवर बातमी आली. ज्येष्ठ गायिका ओपल रे टॅकेट यांचं मार्चमध्येच निधन झालं असून अंत्यविधी गुपचूप उरकण्यात आला. त्यांच्या मागे, आजवर जगापासून लपवून ठेवलेली, एक कन्या आहे. नीटा.

मंगळवारी तीन नंबरच्या खिडकीसमोरची रांग इमारतीबाहेर गेली. त्यातल्या निम्म्या लोकांकडे गाडीच नव्हती.

"नाक मात्र अगदी तिचं घेतलंयस गं," एक म्हातारा खिडकीत डोकं घालून म्हणाला.

"माझी आई व्हर्ना प्रुएट!" नीटा ओरडली. "तुम्ही तिच्या हातचा ॲपल-पाय खाल्लाय! दर इस्टरला!"

"खाल्लाय ना. फार मोठ्या मनाची बाई. दुसरीचं लेकरू, पण कधी जाणवू दिलं नाही."

नीटा जितकी चिडून सांगे, तितकं लोकांना तिचं कौतुक वाटे. सांभाळणाऱ्या आईला ही किती जपते बघा, असं म्हणून दोन बायकांनी डोळे पुसले. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पायरीवर नऊ भांडी ठेवलेली होती. सगळी नवी. सात बटाट्याची.

"आधी तिचं गाणं नेलं," नीटा मामाला फोनवर म्हणाली, "आता मलाच नेताहेत तिच्यापासून. कुणावर ओरडू ते तरी सांग."

"भांड्यांत काय आलंय?" मामाने विचारलं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता रांगेतली डोकी एकाएकी दाराकडे वळली. एका माणसाने हॅट काढली. एक बाई होती तिथेच खाली बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाच फूट उंचीची आणि वर एक फूट केसांचा टोप चढवलेली ओपल रे टॅकेट रांग मोडून सरळ तीन नंबरच्या खिडकीशी आली.

"तूच का ती, मला मारणारी?"

"मिस ओपल, मी तुम्हाला मारलं नाही. मी फक्त—"

"माझ्या दारात गिटारच्या आकाराचं पुष्पचक्र आलं! सही कोण करणार म्हणून विचारलं त्या माणसाने. केली मी! आणि एवढं करून पोटी मुलगी कोण, तर नंबरप्लेटावाली!"

"मला काय हौस आहे? मला स्वतःची आई आहे!" नीटा उभी राहिली. "होती. तिचं गाणं तुमच्या नावावर विकताहेत. तुम्ही ते ऐकलंत तरी का?"

"मी माझी गाणी ऐकत नसते. पण पेपरात आलं म्हणून ऐकलं. काय लिहिलंय माहितीय? 'पन्नास वर्षांत एकदाच टॅकेटबाईंनी सगळा नखरा बाजूला ठेवला, तो या गाण्यात.' एकदाच! आणि तीसुद्धा मी नाही, व्हर्ना!"

"तुम्ही ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? तिच्या टेपा ऐकूनच तर गाणी बसवायचे मी. ती श्वास घ्यायची तिथेच मी घ्यायचे."

"मग सांगा ना कंपनीला!"

"चार वेळा सांगितलं. हा आवाज माझा नाही म्हटलं. तर त्यांनी माझ्या भाचीला फोन करून विचारलं, मावशी औषधं वेळेवर घेतात ना?"

रांग एव्हाना खिडकीला चिकटली होती. ओपल रेने मान वळवून बघितलं आणि आवाज उतरवला. "हे बघ, पुरावा आहे माझ्याकडे. पण तो द्यायची माझी इच्छा नाही. ते गाणं ज्या पट्टीत आहे ना, तिथे मी उभ्या जन्मात पोचले नाही. व्हर्नाची टेप आली की मी तुझ्या मामाला सांगायचे, दोन सूर खाली घे."

"मग गाऊन दाखवा. त्याच पट्टीत. सगळ्यांसमोर."

"मुद्दाम पडू? या वयात?"

"मिस ओपल, गावातल्या प्रत्येक भांड्याखाली ज्याचं त्याचं नाव आहे. माझ्या आईच्या आवाजाखाली तुमचं आहे."

 ओपल रेने पर्समधून गाडीचे कागद काढून खिडकीत सरकवले. "आधी माझी नंबरप्लेट दे. आलेच आहे तर."

नीटाने कागद पाहिले. "इथे सही राहिलीय तुमची," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी रेडिओच्या कार्यक्रमात, प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहात, ओपल रेने सोळावं गाणं व्हर्नाच्या पट्टीत सुरू केलं. ती जिवंत आहे म्हणून लोक आधीच उभे होते. तिसऱ्या ओळीला आवाज असा फुटला की पुढच्या रांगेतल्या एकाने कानावर हात ठेवले.

"वयाप्रमाणे व्हायचंच, मिस ओपल," निवेदक प्रेमाने म्हणाला.

"वयाचं सांगू नकोस मला! त्रेचाळिसाव्या वर्षीही हे असंच फुटायचं. हा डॉयल बसलाय साक्षीला. विचार त्याला!"

निवेदकाने माइक मामाकडे नेला. चाळीस वर्षं मामा या क्षणाची वाट बघत होता.

"खरं आहे," तो म्हणाला. "फार वाईट गायची." आणि मग, कुणी विचारलं नसताना, त्याने इतर आठ गाण्यांबद्दलही सांगितलं.

सोमवारी केंडलने स्वतः फोन केला. कंपनीने लेखी तक्रार मागवली. नीटाने अर्ज भरला. एकही रकाना रिकामा सोडला नाही. चुकीची सीडी बाजारातून परत मागवावी, गायिकेचं नाव ठळक छापावं, असं लिहिलं. 'पुरावा म्हणून मूळ प्रत जोडावी' असं खाली होतं, तेव्हा मामाची प्रत जोडली. तारीख, सही, शिक्का.

दीड महिन्याने पाकीट आलं. नवी सीडी. नीटाने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चष्मा लावला आणि वाचलं. सोळा. तुझा कोट खुंटीवर आहे. गायिका: व्हर्ना प्रुएट. मामाने ते तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. स्वतःच्या नावाची चौकशी त्याने त्या दिवशी केली नाही.

मग त्यांनी गाणं लावलं. आई शेवटपर्यंत गायली. वाद्यं थांबली, आणि लगेच सतरावं गाणं सुरू झालं.

नीटाने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खुर्ची सरकत नव्हती. कुणी निघत नव्हतं. कुणी पायरीवर बसलेलं नव्हतं.

"ते शेवटचं कुठे गेलं?" तिने केंडलला फोनवर विचारलं.

"ते काढून टाकलं, मॅम! सगळा घोळ त्यामुळेच झाला होता ना? वकील म्हणाले, पुन्हा कुणी काही अर्थ काढायला नको. अगदी स्वच्छ केलंय."

"कुणी सांगितलं होतं स्वच्छ करायला?"

"तुम्हीच लिहून दिलंत, मॅम. जुन्या परत मागवा म्हणून. माझ्यासमोर आहे तुमचा अर्ज. इतका व्यवस्थित भरलेला अर्ज आमच्याकडे आजवर आलेला नाही."

"मग तो मागे घेते मी."

"मागे घेण्याचा अर्ज वेगळा असतो, मॅम. आणि जुन्या प्रती शुक्रवारपर्यंत मोडीत जाताहेत."

तो गुरुवार होता. नीटा फोन ठेवून उठली आणि मामाला म्हणाली, "चल." मामाने कुठे ते विचारलं नाही.

खताच्या दुकानातली बाई जुन्या सीड्या खोक्यात भरून वर चिकटपट्टी लावतच होती.

"त्या द्या मला," नीटा म्हणाली.

"अगं, या परत चालल्या आहेत. चूक आहे यांच्यात, दुसऱ्याच बाईचं नाव पडलंय. दोन दिवस थांब, दुरुस्त केलेली येतेय."

"दुरुस्त केलेली आहे माझ्याकडे. मला चुकलेली हवीय."

"किती?"

"आहेत तेवढ्या."

बाईने नऊ प्रती मोजून समोर ठेवल्या. पण ती सरळ बाई होती आणि उद्या कुणी भांडत यायला नको होतं. तिने पावतीवर लिहिलं, 'चूक माहीत असून घेतली आहे. परत करणार नाही,' आणि पेन पुढे केलं.

बावीस वर्षं नीटा सही करण्यापूर्वी प्रत्येक कागद दोनदा वाचत आली होती. हा तिने एकदाच वाचला.