रंभाजीमामांची सणतपासणी

रंभाजीमामा शंकरपाळं तोंडात टाकण्याआधी ताटलीच्या कडेवर ठोकून बघत. खण्ण वाजलं तर खात. बद्द वाजलं तर, "अक्का, मालाला तडा हाय," असं आईला सांगून खात. खात दोन्ही वेळा.

दौंडला रेल्वेत त्यांची सारी हयात गाड्यांची चाकं हातोडीनं ठोकून, आवाजावरून तडा ओळखण्यात गेली. रिटायर झाल्यावर रेल्वेनं हातोडी काढून घेतली, पण हात कसा काढून घेणार? तो आमच्या सणांवर पडला.

दौंड म्हणजे नव्वदच्या सुमाराला देशभरच्या माणसांचा मुक्काम. त्यामुळे मामांना वर्षभर काम होतं. ईदला हमीदभाईंकडे शीरखुर्मा, नाताळात जोसेफकाकांकडे करंज्या, संक्रांतीला सुब्बूअण्णांचा पोंगल. रेल्वेतले बिहारी खलाशी छटपूजेला भीमेच्या काठी जमायचे, तिथंही मामा हजर. त्यांचा ठेकुआ, म्हणजे कणीक-गुळाची टणक तळलेली वडी, ठोकून म्हणाले, "ह्यो नंबर एक. चाकाच्या जागी बसवा, मनमाडपातुर गाडी जाईल." खलाशांना ते कौतुक वाटलं, त्यांनी पिशवीभर दिले.

आमंत्रणाची भानगडच नव्हती. "गाडी काय बोलावल्यावर येती व्हय? टायमाला येती," म्हणत मामा टायमाला यायचे. एवढं हिंडून त्यांनी सगळ्या धर्मांचं सार काढलं होतं, "सकाळी बाईचं डोकं तापतं, दुपारी गड्याचं पोट फुगतं. देव निरनिराळं असत्याल, ॲसिडिटी येकच."

आमच्याकडे मात्र ते बाहेर पायरीवर बसून जेवायचे. "आत वारं लागत न्हाई," हे कारण त्यांचं त्यांनीच शोधून ठेवलं होतं. आम्ही कुणी 'आत या' म्हणत नव्हतो, म्हणून आमची सोय त्यांनी लावून टाकली होती. मामा बौद्ध. आमच्या घरांच्या ओळीतल्या बायकांना त्यांच्या घरचं पाणी चालत नसे. हे कुणी तोंडानं बोलत नसे, आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

वर्षातून एक दिवस मामा तपासायला जात नसत. बुद्धपौर्णिमेला ते स्वतः खीर करायचे. मामी गेल्यापासून घरात एकटेच होते, पण पातेलं मामींच्या वेळचंच, वीस माणसांचं. हमीदभाई आणि जोसेफकाका जाऊन खाऊन यायचे. आमच्या ओळीत मामा आदल्या संध्याकाळी दारोदार फिरत आणि बोलावणं करायच्या ऐवजी विचारत, "उद्या पौर्णिमेचा उपास असंल न्हवं?"

"हो ना, उपास!" बायका सुटल्यासारख्या म्हणत.

"मंग ऱ्हाऊ द्या. उपास मोडू नगा," म्हणत मामा पुढच्या दारी. दुसऱ्याला खोटं बोलायला लागू नये म्हणून त्याच्या तोंडात आयतं कारण ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षी शिमग्याला मामांनी आईच्या पोळीला नावं ठेवली. "पुरण सैल झालंय, अक्का. पोळी रुळावरनं घसरती." आई पोळीच्या बाबतीत भलती मानी. ती दोन महिने धुमसत होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मामा पायरीशी आले. "उद्या उपास असंल न्हवं?"

"उपास-बिपास काही नाही," आई कणीक मळता मळता म्हणाली. "माझ्या पुरणाला नावं ठेवता काय? उद्या येते मी. बघतेच तुमची खीर कशी होते ती."

"बरं, बरं," म्हणून मामा गेले. थोड्या वेळानं परत आले. "दूध म्हशीचं चालंल का गाईचं?" पुन्हा गेले, पुन्हा आले. "येलदोडा टाकत्यात का जायफळ?"

"परीक्षा तुमची आहे. मी कशाला सांगू?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून ओळीतून सगळ्यांच्या देखत निघाली. मागून मी. खिडक्याखिडक्यांतून तोंडं दिसत होती. मामांनी घर सारवून-पुसून लख्ख केलं होतं. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या होत्या आणि आत, पंख्याखाली नवी सतरंजी पसरली होती. मामा स्वतः भिंतीला टेकून उभे, पांढराशुभ्र सदरा घालून, कुणी आपल्याला तपासायला आल्यासारखे.

आईनं वाटी उचलली, एक घोट घेतला आणि तोंड उघडलं ते उघडलंच. साखर कमी. तांदूळ नीट शिजला नाही. वेलदोडा सालासकट टाकलाय. बोलता बोलता वाटी संपली, तेव्हा तिनं ती पुढं केली आणि दुसऱ्या वाटीला पुन्हा सुरुवात केली. कुणाच्या घरी पहिल्यांदा जाऊन इतकं बोलावं? मी शरमेनं खाली बघत होतो. वर बघितलं तर मामांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

आई पदर सावरत उठली. मामा घाईनं पुढं झाले.

"बसा की अक्का, घडीभर," ते म्हणाले. "बुडाला लागलीया का, ते न्हाई सांगितलं तुम्ही अजून."

आई परत बसली.