शंका असेल तर एकच बोट

"तो पांढरा कोट एकदा माझ्या अंगावर चढू द्या, मग दाखवतो पंचगिरी कशाला म्हणतात ते!"

क्लॅरी पास्कोचं हे वाक्य टॅरिनडेल गावच्या फुटबॉल मैदानाने चाळीस वर्षं ऐकलं होतं. कुंपणाला टेकून, हातात चहाचा थर्मास धरून तो प्रत्येक शनिवारी ते ऐकवायचा आणि लोक प्रत्येक शनिवारी ते कानाआड करायचे. देवाने मात्र जुलैतल्या एका शनिवारी ते मनावर घेतलं. टॅरिनडेलचा गोलपंच, म्हणजे खांबांमध्ये उभा राहून गोल झाला की नाही ते सांगणारा पंच, गाडीने मैदानाकडे येत असताना वाटेत कांगारू आडवं आलं. कांगारू टुणकन उडी मारून निघून गेलं, गाडी खड्ड्यात राहिली!

दहा मिनिटांत क्लबची सेक्रेटरी थेल्मा डगन कोट आणि दोन झेंडे घेऊन क्लॅरीसमोर हजर झाली.

"घाल."

"काय घाल?"

"कोट. चाळीस वर्षं मागतोयस ना? घे!"

"अगं, पण माझा चहा..."

"चहा मी धरते. तू फक्त खांबांमध्ये उभा राहा आणि तोंड बंद ठेव. जमेल?"

पहिली गोष्ट जमेल, असं क्लॅरीला वाटलं.

आता खरं सांगायचं तर क्लॅरीने कोट घातला तो थेल्मासाठीही नाही आणि क्लबसाठीही नाही. आपण गोलपंच झालो ही बातमी फिरत फिरत गीलाँगला नोला हेगर्टीच्या कानावर जाईल, एवढ्यासाठी त्याने तो घातला. नोला आणि तो तीस वर्षं एकाच कुंपणाला, एकाच निलगिरीखाली शेजारी शेजारी उभे राहून भांडत आले होते. भांडणाचा विषय एकच, त्यांच्याकडच्या फुटबॉलचा एक नियम. चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून सरळ गेला तर गोल, सहा गुण. वाटेत कुणाच्या बोटाचा नुसता स्पर्श झाला, तरी एकच गुण. आणि गोलपंचाला नक्की दिसलं नसेल तर? तर नियमाप्रमाणे कमी तेच द्यायचं, एक!

"दिसलं नाही म्हणजे काय?" क्लॅरी ओरडायचा. "बरोब्बर खाली उभा आहेस की रे! झोपला होतास काय?"

"नसेल दिसलं त्याला," नोला आपल्या फिकट हिरव्या गाडीच्या बॉनेटला टेकून म्हणायची. "नाही दिसलं तर नाही म्हणावं माणसाने. त्यालाही धमक लागते, क्लॅरी. तुला नाही कळायचं."

गेल्या सप्टेंबरात उपांत्य सामना याच नियमाने हातचा गेला. पंचाने बरोबरच केलं, असं नोला म्हणाली, आणि क्लॅरीचं डोकं फिरलं. "एवढा पुळका असेल तर पुढच्या वर्षी पलीकडच्या कुंपणाला उभी राहा!" तो बोलून गेला. महिन्याभरात नोला घर विकून गीलाँगला लेकीकडे राहायला गेली. जाणं आधीच ठरलं होतं, असं लोक सांगत. क्लॅरीला मात्र वाटे, आपण बोललो आणि ती गेली. तिचा फोन नंबर स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे होता. कितीदा तरी तो नंबर फिरवत शेवटच्या आकड्यापर्यंत पोचला होता आणि तिथूनच परतला होता. शनिवारी कुंपणाशी उभं राहिलं की बाजूची जागा त्याला खायला उठे. नियमावर भांडायला बाकीचे होते, पण ते लगेच मान्य करून टाकत. त्यात कसली मजा?

तर सामना सुरू झाला. कोट थेल्माच्या काटकुळ्या नवऱ्याच्या मापाचा, म्हणजे क्लॅरीच्या पोटावर एकच बटण लागलं आणि तेही पहिल्या गोलला उडालं! पहिला गोल त्याने इतक्या उत्साहाने दिला, की मुख्य पंचाच्या होकाराची वाटही पाहिली नाही. दोन्ही तर्जन्या पुढे, दोन्ही झेंड्यांची फडफड, गोलची सगळी खूण एका दमात!

मुख्य पंच होती ब्रॉन्टी एलरी, शाळेत गणित शिकवणारी. ती धावत आली.

"मिस्टर पास्को, आधी मी होकार देणार, मग तुम्ही बोटं दाखवणार, मग झेंडे."

"ठाऊक आहे मला!"

"मग उलटं का केलंत?"

दुसऱ्या डावात समोरच्या कॉलम क्रीक संघाच्या एका गड्याला टॅरिनडेलच्या पोराने चेंडूसकट पकडलं. चाळीस वर्षांची सवय! चेंडू अडवून धरला, शिक्षा द्या, म्हणून कुंपणावरून मारतात ती आरोळी खांबांच्या मधोमध उभ्या गोलपंचाच्या तोंडून फुटली, "बॉऽऽल!"

सगळं मैदान हसलं. ब्रॉन्टी परत आली.

"कोट घालून ओरडायचं नसतं."

"तोंडातून निघून गेलं, बाई."

"गेल्या महिन्यात याच तोंडातून माझ्या चष्म्याचा नंबर निघाला होता. लक्षात आहे माझ्या!"

त्यानंतर शेवटच्या डावापर्यंत क्लॅरी इतका शहाण्यासारखा वागला, की थेल्माने त्याला चहाचा एक घोट पाठवला.

शेवटची दोन मिनिटं. टॅरिनडेल पाच गुणांनी मागे. गोल झाला तर एका गुणाने विजय! चेंडू क्लॅरीच्याच टोकाकडे येत होता. तेवढ्यात निलगिरीखाली हॉर्न वाजला. दोन लहान, एक लांब.

असा हॉर्न सबंध जिल्ह्यात एकच गाडी वाजवायची. क्लॅरीने मान वळवली. फिकट हिरवी गाडी! पुढच्या दारावर पोचा, जो एकदा रागाच्या भरात त्याच्याच थर्मासने पडला होता. काचेवर पावसाची भुरभुर, आत कोण ते दिसेना. पण दिसायची गरज काय होती? ती आली होती! चार तासांचा रस्ता तोडून आली होती. आता सामना संपला की काय बोलावं? आधी माफी मागावी की आधी चहा विचारावा?

डोक्यावरून काहीतरी गेलं.

क्लॅरीने मान सरळ केली तेव्हा चेंडू मागच्या जाळीला लटकत होता. टॅरिनडेलची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. कॉलम क्रीकचा लांबुडका बचावपटू हाताची बोटं नाचवत किंचाळत होता, "लागला! माझ्या बोटाला लागला!"

ब्रॉन्टी समोर येऊन उभी राहिली. "गोल की एक?"

सगळं गाव क्लॅरीकडे बघत होतं. दोन बोटं पुढे केली असती तर त्याला खांद्यावरून नाचवलं असतं. कुणाला कळणार होतं? पण निलगिरीखाली ती गाडी उभी होती. बाकी कुणाला नाही, तरी तिला कळलं असतं.

"दिसलं नाही मला," क्लॅरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला."

"दिसलं नाही! कमी धरा. एक!"

त्याने एक बोट पुढे केलं आणि एक झेंडा हलवला. पुढचा गोंधळ काय सांगावा! त्याने चाळीस वर्षं शिकवलेली एकूण एक शिवी त्याच्याकडे परत आली. "बरोब्बर खाली उभा आहेस की रे! झोपला होतास काय?" त्यातला सगळ्यात मोठा आवाज थेल्माचा!

भोंगा झाला. टॅरिनडेल चार गुणांनी हरलं. क्लॅरीने हाताने केस बसवले, बिनबटणाचा कोट पोटावर ओढला आणि तो गाडीकडे निघाला. काच खाली आली. आत कॉलम क्रीकचा प्लंबर बर्नी क्रॉट, मांडीवर सॉसेज-पाव.

"वा रे पठ्ठे!" बर्नी म्हणाला. "आमच्या गावात तुझा पुतळा उभारू!"

"नोला कुठाय?"

"कोण नोला? अच्छा, ती गाडीवाली! ती गीलाँगला. मार्चमध्ये विकली तिने मला. हॉर्न बिघडलाय बघ, कोपर लागलं की आपोआप दोनदा लहान आणि एकदा लांब वाजतो. दुरुस्तीला टाकायचाय."

क्लॅरीने दारावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं.

"नको करूस दुरुस्त," तो म्हणाला.

घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. कोट अंगावर आणि झेंडे काखेत तसेच. त्याने किटली ठेवली, दुधाचा जग काढला, चहाचा डबा सरकवला आणि शेवटचा आकडासुद्धा फिरवला.

"हॅलो?"

"नोला, मी एक दिला."

"क्लॅरी? कुणाला एक दिला?"

त्याने सगळं सांगितलं. कांगारूपासून सांगितलं.

"पण तुला दिसलं कसं नाही? बरोब्बर खाली उभा होतास ना?"

"ऊन डोळ्यावर आलं."

"त्या टोकाला ऊन पाठीशी असतं. आणि तुझ्या खिडकीवरचा पाऊस मला इथे ऐकू येतोय. काय बघत होतास?"

क्लॅरीने खोकून घेतलं. "तुझी गाडी."



"वेड्या, ती मी मार्चमध्ये विकली."

"आता कळलं. नोला, तुझ्याशिवाय कुंपणाला करमत नाही गं. मी तेव्हा बोललो ते चुकलंच. शनिवारी येशील?"

"बघते. नक्की नाही."

"नक्की नाही म्हणजे? येणार की नाही?"

"नक्की नसेल तर कमीच धरायचं असतं, क्लॅरी." पण तिचं हसू तिला आवरलं नाही, ते तारेवरून स्पष्ट ऐकू आलं. "आणि थर्मास मोठा आण. तुझा चहा मला कधी पुरत नाही."

फोन ठेवून क्लॅरी स्वयंपाकघराच्या मधोमध ताठ उभा राहिला. दोन्ही तर्जन्या पुढे केल्या. मग दोन्ही झेंडे उचलून असे जोरात फडकवले, की दुधाचा जग थेट जमिनीवर! या खेपेला मात्र त्याने सगळं स्वच्छ डोळ्यांनी पाहिलं. जगाला झेंडाच लागला होता, शंकाच नाही.