मेश्रामकाकांचं पास न झालेलं मलम

सत्तर सालच्या सुमारास आमच्या लाइनीतल्या, म्हणजे घरांच्या रांगेतल्या, झाडून सगळ्या माणसांची डावी टाच मऊ आणि उजवी भेगाळलेली होती. थट्टा नाही करत. कोणालाही चप्पल काढायला लावा, तेच. आणि हा उद्योग एकट्या माणसाचा, आमचे शेजारी मेश्रामकाका यांचा.

काका कापडमिलमध्ये कामाला. दिवसभर उभं राहून घरी यायचे आणि बसायचं सोडून अंगणात चूल पेटवायचे. मोहाचं तेल, निंबाचा पाला, राळ, मेण, काय काय रटरटायचं. मग वाटी घेऊन पाय शोधत निघायचे. मलम फक्त डाव्या पायाला. उजव्यालाही लावा म्हटलं की भडकलेच!

"काहून? डावा औषधाचा, उजवा साक्षीचा! दोन्ही बरे झाले तं मले कसं समजन, मलमानं झाले का हवेनं?"

एका खेपेला त्यांनी मलमात मेहंदीचा पाला घातला आणि माझी पार वाट लावली. दुसऱ्याच दिवशी मला मुलगी पाहायला कन्हानला जायचं होतं. सतरंजीवर मांडी घातली, आणि मुलीच्या वडिलांची नजर माझ्या केशरी टाचेवर जी बसली ती हलेचना.

"पायाले काही झालं काय?"

"शेजाऱ्यांचं औषध आहे."

"मंग एकाच पायाले काहून?"

आता काय सांगणार, कपाळ! घरी येऊन काकांवर असा उखडलो की विचारू नका. त्यांनी शांतपणे माझी टाच चाचपली. "रंग सोडा मास्तर, भेग पाहा. भरून राहिली ना?" भरत होती, हेच तर खरं दुखणं. लग्नही जुळलं म्हणा. सासूबाईंनी होकाराबरोबर डबीभर मलम मागून घेतलं.

पुढे जरीपटक्यातला एक दुकानदार या डब्या दुकानात ठेवायला तयार झाला. काकांनी त्यालाच हात जोडले. "आताच नाई बाप्पा. अजून पास नाई झालं." अख्खी लाइन बरी करून बसलेलं मलम आणखी कुठली परीक्षा देणार होतं, देव जाणे. मी तर नादच सोडला.

कळलं ते एका हिवाळ्यात. सकाळी सहज डोकावलो तर काकी, म्हणजे काकांची बायको, खाटेवर बसलेल्या. त्या डोक्यावर टोपली घेऊन अनवाणी दारोदार भाजी विकायच्या. टाचा फाटून रक्त आलं होतं, उभं राहवत नव्हतं. गुडघे आखडलेले, त्यामुळे स्वतःचा हात टाचेपर्यंत पोचायचा नाही. असंच चाललं तर टोपली कायमची सुटणार होती. आणि खाली जमिनीवर वाटी घेऊन काका.

"पाय दे वं."

"नाई. नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावू नये. पाप लागते."

"कोनं सांगतलं? ज्याइनं सांगतलं त्याइले तं आपण छप्पन साली दीक्षा घेऊन सोडून आलो!"

"देव सोडले. लाज थोडीच सोडली?"

"मंग शेजारच्या बाईकडून लावून घे."

"मी काय रानी हाओ, लोकाइकडून पाय चोळून घ्यायले?"

काका वाटीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग सांग, इतकी वर्सं मी हे कोनासाठी उकळून राहिलो?"

मलमाची परीक्षा कुठे अडली होती ते मला तेव्हा समजलं.

 शेवटी काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, तुमी जरा तिकडं तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, शिक्षा झालेल्या पोरासारखा. खाट करकरली. थोड्या वेळानं काकींचा हुंदका ऐकू आला.

"दुखते काय वं?"

"नाई. माय गेल्यापासून या पायाले कोनाचा हातच लागला नोता."

 

आठवड्याभरानं संध्याकाळी गेलो तर दोघं अंगणात, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. काकींचा पाय काकांच्या मांडीवर, टाच भरत आलेली. मी आपलं शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

"राहू द्या मास्तर," काकी म्हणाल्या. "पाहा इकडं. पाहू द्या लाइनले."