गुलाबी बोट आणि माझे दोन वर्ग

दोन देशांचं आपसात जमत नसेल तर मला बोलवा! खरंच सांगते. माझं नाव तांगमो, म्हणजे कलिंगड. हसू नका, आमच्याकडे टोपणनावं अशीच असतात. माझ्या धाकट्या भावाला सगळे बेडूक म्हणतात आणि तो बँकेत मॅनेजर आहे! तर सांगायचं म्हणजे, मी पर्थला सहा वर्षं काढली आहेत. ऑस्ट्रेलियन माणसानं नुसता घसा खाकरला तरी त्याला काय म्हणायचंय ते मला कळतं. आणि थाई माणूस हसला की तो होकार, नकार, की पोटातली कळ, हे मी झोपेतही सांगेन.

असा माझा समज होता.

थायलंडच्या किनाऱ्यावर, रयोंगला आमचा बोटींचा कारखाना आहे आणि मी तिथे साहेब आणि कामगार यांच्यामधला दुवा. साहेब खुन ब्रेंटन, मूळचे ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलचे. दचकू नका, आमच्याकडे 'खुन' म्हणजे 'श्रीयुत'! दारातून वाकून येणारे, आणि आवाज असा की बंदरातल्या बोटी भोंगा समजून वाट सोडतात! त्यांच्या हाताखाली फोरमन पी-बुंचू, 'पी' म्हणजे दादा. पन्नाशीचे, काडीसारखे, आणि स्वभावानं इतके मऊ की डास मारण्याआधी त्याची माफी मागतील.

मागच्या महिन्यात खुन ब्रेंटन सगळ्यांसमोर गरजले, "बुंचू, हा रंग आहे की कुत्र्याची ओकारी?"

पी-बुंचू गोड हसले. "हो, हो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी अख्ख्या रंगविभागाचं पोट बिघडलं!

"काय खाल्लं यांनी?" खुन ब्रेंटननी मला विचारलं.

"तुमचे शब्द."

त्यांनी डोक्याला हात लावला. तिकडे डार्विनहून रसेल नावाचा एक ग्राहक पुढच्या शुक्रवारी नमुन्याची बोट बघायला येणार होता, आणि त्याची ऑर्डर गेली तर कारखान्याला टाळं लागणार, असं मालकांनी कळवलं होतं.

"काळजी सोडा!" मी छाती पुढे काढली. "दोन वर्ग घेते. सकाळी थाई मंडळींचा, दुपारी तुमचा. कारखाना सुतासारखा सरळ होतो की नाही बघा!"

सकाळी मी आमच्या लोकांना सांगितलं, "ऑस्ट्रेलियन माणसाच्या ओठात तेच पोटात. आतला अर्थ शोधू नका. आणि तुम्हीही मनातलं तोंडावर बोला!"

दुपारी खुन ब्रेंटनना सांगितलं, "थाई माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. तो जे बोलतो त्यातला आतला अर्थ शोधा. आणि तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर नुसतं हसा, 'छान कल्पना आहे, बघू या' म्हणा. समोरच्याला बरोबर कळतं."

दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या. मीही खूश! दोन्ही बाजू एकाच दिवशी बदलल्या तर काय होईल, हा विचार काही माझ्या कलिंगडात शिरला नाही.

सोमवारी सकाळी आमच्या स्वागतकक्षातली वन्नी दारातच म्हणाली, "सुप्रभात, खुन ब्रेंटन! आज शर्ट भयानक आहे. पोटही वाढलंय!"

खुन ब्रेंटननी हात जोडले. "खूप आभारी आहे," म्हणाले. कान मात्र मिरचीसारखे लाल!

मग पी-बुंचू साहेबांकडे गेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, इंजिनाचे सुटे भाग गोदीत अडकलेत, शुक्रवारपर्यंत इंजिन बसणार नाही. दोन, पांढरा रंग रडका दिसतो, बोट गुलाबी करू या.

हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त खुन ब्रेंटन धावत माझ्याकडे आले. "तांगमो! बुंचू चक्क नाही म्हणाला! पण मी फसलो नाही. आतला अर्थ शोधून काढला!"

"शाब्बास!" मी म्हटलं. नाही कशाला म्हणाला, हे विचारायची बुद्धी झाली असती तर आज ही कथा नसती.

जेवणाच्या सुट्टीत पी-बुंचू समोर येऊन बसले. चेहरा उजळलेला. "तुझा वर्ग म्हणजे कमाल हं! मनातलं बोललो आणि साहेब लगेच म्हणाले, छान कल्पना आहे!"

"बघा! मी काय सांगत होते?" असं म्हणून मी त्यांच्या ताटातलं तळलेलं अंडं उचललं. फी समजा.

शुक्रवारी रसेल आला. उन्हानं भाजलेला, आखूड चड्डीतला, हाताच्या एका बोटाचं टोक मगरीनं नेलेला. आम्ही सगळे धक्क्यावर. पी-बुंचूंनी ताडपत्री ओढली.

गुलाबी! असली गुलाबी की डोळ्यांना पाणी आलं! नावेच्या देवीसाठी पुढच्या टोकाला झेंडूचे हार आणि रंगीत फडकी. बोट कसली, नवरीच ती!

मी खुन ब्रेंटनकडे पाहिलं. ते हसत होते. त्यांना एवढे दात असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"हं," एवढंच बोलून रसेलनं आत उडी मारली. मागोमाग खुन ब्रेंटन, मी आणि पी-बुंचू. रसेलनं दोराला हात घातला.

"सोडू नका! इंजिन नाहीये!" पी-बुंचू ओरडले.

खुन ब्रेंटननी मला डोळा मारला. "किती विनयशील माणूस आहे बघ! नाही म्हणजे आहे! सोड रे, रसेल!"

दोर सुटला. ओहोटीनं आम्हाला अलगद उचललं आणि निघालो आम्ही, आडवे, समुद्राच्या दिशेनं! रसेल मागे गेला, वाकला, परत आला.

"इंजिन कुठाय?"

"गोदामात," पी-बुंचू म्हणाले. अगदी स्पष्ट. वर्गातल्यासारखं.

तेवढ्यात धाड्‌! बोट वाटेत पाण्यावर उभारलेल्या, माकुलं म्हणजे स्क्विड वाळवायच्या मांडवात घुसली. बांबू कडाडले, जाळी फाटली, आणि वाळत घातलेली माकुलं आमच्यावर बदाबदा कोसळली. एक खुन ब्रेंटनच्या टकलावर पसरलं. तरी हे हसतायत!

"अहो, बोला!" मी किंचाळले. "कोणीतरी काहीतरी बोला!"

आणि मग बांध फुटला.

"बुंचू! इंजिन नाही हे सरळ सांगता येत नव्हतं?"

"सरळच सांगितलं!"

"सरळ कसं सांगतोस? थाई आहेस ना तू?"

"आणि तुम्ही गुलाबीला हो का म्हणालात? ऑस्ट्रेलियन ना तुम्ही?"

दोघं थबकले. मग दोघांच्याही माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. मला पोहता येत असतं ना, तर मी तेव्हाच उडी मारली असती!

मांडवाच्या मालकिणीनं तिच्या नावेनं आम्हाला ओढत आणलं आणि वाटभर आमच्या सात पिढ्या काढल्या. त्याचं भाषांतर मी केलं नाही. धक्क्यावर उतरून रसेलनं खिशातलं माकूल काढून फेकलं, बोटीवर नजर टाकली, "बरी आहे. कळवतो," म्हणाला आणि गेला.

सगळे माझ्याभोवती गोळा झाले. "काय अर्थ त्याचा?"

खरं तर इथं गप्प बसायचं. पण सहा वर्षं पर्थला काढली होती ना! "हा नकार," मी सुस्कारा सोडला. "अगदी स्वच्छ नकार."

वन्नी रडायला लागली. पी-बुंचू ब्रश घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत बोट पांढरीफटक.

सोमवारी फोन वाजला. रसेलचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. "ब्रेंटन! वीस बोटी धर! सगळ्या तशाच गुलाबी! आमच्याकडे असली बोट चोरायची कोणाची छाती होणार नाही! आणि ती नमुन्याची आजच पाठव. हार राहू दे तसेच!"

खुन ब्रेंटननी फोन ठेवला. माझ्याकडे बघून गोड, फार गोड हसले. "तांगमो, तुला रंगकाम शिकायची इच्छा होती ना?"

नव्हती. पण त्या हसण्याचा आतला अर्थ मला पहिल्यांदाच बिनचूक कळला!

सध्या मी रंगविभागात आहे. ते दोघं आता मधल्या माणसाशिवाय बोलतात, भांडतात आणि दुपारी एकत्र जेवतात. पी-बुंचू माझ्यामागे उभे राहून मनातलं अगदी तोंडावर सांगतात. कालच म्हणाले, "तांगमो, तुझ्यापेक्षा माझी सासू बरी रंगवते."

मी चौकशी केली. त्यांच्या सासूनं जन्मात पान खाऊन ओठ रंगवण्यापलीकडे काही रंगवलेलं नाही!